एकच बादली

वर्षाचे तीनशे बासष्ट दिवस आम्ही सायकली दुरुस्त करतो.
उरलेले तीन दिवस शोभेची दारू विकतो,
आणि मार्चपर्यंत घर चालतं ते त्या तीन दिवसांवर.

अठ्ठावीस डिसेंबरला अंधार पडता पडता
सगळ्या सायकली वीब्रांडच्या गोठ्यात हलवायच्या.
त्याच्या गायी माना वळवून बघतात, दर वर्षी नव्यानं.
दुकानात भिंतीवर नुसते हुक उरतात
आणि रबराचा वास. तो कुठेच हलत नाही.

अग्निशमनचा माणूस येतो, छताकडे बघतो,
पाण्याचा दाब मोजतो, मागच्या कोठडीचं पोलादी दार
दोनदा उघडून दोनदा लावतो.
बाबा त्याला कॉफी देतात. तो अर्धीच पितो.
सही करतो.
मग आम्ही बोलायला लागतो.

या तीन दिवसांत आईला घरात तळायची मनाई.
ती पिठाचं पातेलं मांडीवर घेऊन
गावाच्या दुसऱ्या टोकाला मावशीकडे जाते
आणि मनुक्यांचे गोळे घेऊन धुक्यातून परत येते.
आमच्याकडे नवं वर्ष थंडच खाल्लं जातं.

रांग कालव्याच्या पुलापर्यंत.
दूधवाला टिआर्ड मोठ्ठा खोका उचलतो, बायको किंमत वाचते,
तो लहान खोका उचलतो.
पोस्टातली हिल्ट्ये: एक भुईनळा, फक्त एक,
आणि पिशवी नको, खिशात मावतो.
सोळा पुरी व्हायला नऊ दिवस कमी असलेला पोरगा
ओळखपत्र असं पुढे करतो
जणू ते नऊ दिवस आम्हीच दाबून ठेवलेत.
मी नाही म्हणते. तो दाराबाहेर जाऊन
काचेला नाक लावून उभा राहतो.
त्याच्या श्वासाचा डाग संध्याकाळपर्यंत होता.

एकतीसला सहाला शटर.
गल्ला मोजायला आठ वाजतात,
कारण बाबा सुट्टी नाणी माझ्यावर सोडत नाहीत.

बाबांनी स्वतः कधी वात पेटवलेली मी पाहिली नाही.
बारा वाजता ते अंगणात येतात, कोट न घालता,
पाठ आकाशाकडे, तोंड भिंतीकडे,
आणि ऐकतात.
"हा आपला," म्हणतात. "टिआर्डचा."
"हा नाही. हा सीमेपलीकडून आणलेला, हलका माल."
"आणि ती शिट्टी, ती आपली."
लहान होते तेव्हा मला वाटायचं
सगळ्या बापांना हे येत असेल.

या वर्षी ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ गप्प होते.
मग डावा कान माझ्याकडे वळवला.
"आपला का गं?"
आकाशात कोणाचं काय फुटलं, मला काय कळणार.
"आपलाच," मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी.
पुढच्यालाही मी आपलाच म्हटलं.
त्या रात्री सगळं गाव आमचंच फुटलं.

दोन जानेवारीला लुर्ट मास्तर आले,
हातात न उडालेला बाण, दुसऱ्या हातात पावती,
पावती घडी न पडलेली.
बाबांनी वाद घातला नाही.
साडेसात युरो मोजून दिले
आणि बाण बादलीत उभा बुडवला.
त्यात आधीच चार होते, रस्त्यावरून वेचलेले.
पाणी राखेसारखं होत गेलं.
रात्रभर तसंच ठेवायचं, हा नियम.

सकाळी मी भिजलेली कागदी नळकांडी पिशवीत भरली,
बादली तीनदा खंगाळली, नळाखाली भरली.
सायकली परत आल्या होत्या, शेणाच्या वासासकट.
पहिलीच आली हिल्ट्येची, मागचं चाक बसलेलं.
ट्यूब काढली, हवा भरली,
बादलीत बुडवून हळूहळू फिरवली.
बाबा वाकून बघत होते.

एक बुडबुडा.
मग त्याच जागेवरून दुसरा.
"इथे," बाबा म्हणाले, माझ्या आधी.