चौथं घर

पहिलं सांता फेत, गॅलऱ्यांच्या गल्लीत.
विनिफ्रेड आधी खिडकीशी गेली, हात पसरला;
कापड घेताना सूत चाचपतात
तसा तिनं तळहातावर उजेड चाचपला.
मान डोलावली.
मी किंमत वाचली,
चष्मा पुसला, पुन्हा वाचली.
समोरच्या काचेत पितळी कोल्हा, फिरोजाच्या माळा,
आणि फुटपाथवर आमच्याच वयाची माणसं,
आमच्यासारख्याच कोऱ्या हॅट घातलेली.

दुसरं घर. इस्पितळ सहा मिनिटांवर.
जिना नाही. न्हाणीघरात धरायला दांडा
आधीच ठोकून ठेवलेला.
भिंतींना मातीचा रंग होता, माती नव्हती.
मी टिचकी मारली. पोकळ.
चव्वेचाळीस वर्षं पियानो लावले मी
डुलूथच्या दिवाणखान्यांत, चर्चांत, दोन तुरुंगांत;
डावा कान आता नावापुरता उरलाय,
पण पोकळ ते पोकळच.
"दांडा चांगला होता," विनिफ्रेड म्हणाली.
नंतर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

तिसऱ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
कुत्रा होता.

चौथं उत्तरेला, डांबर संपतं तिथून पुढं.
विनिफ्रेडनं घड्याळ लावलं होतं:
इस्पितळापासून एक तास अकरा मिनिटं,
रस्त्यात बर्फ नसेल तर.
एजंट एफेमियानं दार खांद्यानं ढकललं.
"कासिल्दाचं घर," म्हणाली, "विणायची ती."
माग भाचीनं नेलेला.
मातीच्या जमिनीत त्याच्या चार पायांचे खळगे,
आणि ती उभी राहून विणायची तिथं
दोन पावलांची झीज.
विनिफ्रेड बूट काढून त्यात उभी राहिली.
एक पाऊल नेमकं बसलं. दुसरं नाही.

कुंपणापलीकडून ओनोफ्रे आला, शेजारी.
मी छपराचं विचारलं, हिवाळ्यातल्या लाकडांचं, इंटरनेटचं.
त्यानं सगळी उत्तरं दिली आणि थांबला.
"पाण्याचं नाही विचारलंत?"
विहीर तीनशे फूट.
त्याच्या हयातीतच पाणी चाळीस फूट खाली गेलेलं.
बागेला पाटाचं पाणी, पाळीनं;
पण वसंतात सगळा पाट उपसायचा,
दर घरामागं एक माणूस, एक फावडं.
"फावडं आहे?"
"घेऊ."
"पाठ आहे?"
"होती," मी म्हटलं.
तो हसला, पण मला नाही हसला.
"मग कॉफी आणा.
कासिल्दा शेवटची नऊ वर्षं कॉफीच आणायची.
फार कडू करायची."

जाता जाता भिंतीवरून हात फिरवत म्हणाला,
"दर दोन उन्हाळ्यांनी लिंपावी लागते ही,
नाहीतर पावसाबरोबर परत शेतात जायला निघते."

खिशात नादकाटा होता, सवयीनं.
गुडघ्यावर आपटला, दांडी भिंतीला टेकवली.
लाकूड असतं तर गायलं असतं.
भिंतीनं सूर गिळला. परत दिला नाही.
परत येणाऱ्या सुरांवरच पोट भरलं माझं आयुष्यभर,
किंचित चढा, किंचित उतरा, पिळ अजून थोडा;
आणि इथं हातभर जाड माती
काहीच सांगत नव्हती
कशात काय चुकलंय ते.
शिवाय या कोरड्या हवेत पियानो टिकत नाही,
फळ्या तडकतात.
म्हणजे खरंच संपलं होतं काम.
मी उगाच पुन्हा एकदा काटा वाजवला.

बाहेर विनिफ्रेड अंगणात, हात पसरून.
"कसा आहे उजेड?"
"जरा उद्धट आहे," ती म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं, डोळे बारीक करून,
"तुझ्या आईसारखा."

एफेमिया किल्ल्या चाळवत उभी.
मी तिला व्याजदर विचारणार होतो.
विचारलं ते असं:
वीस माणसांची कॉफी मावेल
एवढा थर्मास इथं कुठं मिळतो?