पन्नासच्या आत

तिसऱ्यांदा बसली तेव्हा बॅटरी नवीनच होती,
बिल अजून पर्समध्ये.
आठ दिवस उभी होती गाडी. चावी फिरवली,
आत कुठेतरी पाल चुकचुकली.
तेवढंच.

वॉचमन म्हणाला, उंदीर असेल, मॅडम.
तिसऱ्या मजल्यावरचे गोडांबे म्हणाले, विका.

रविवारी घणसोली गावातून हरेश मढवी आला,
घरी मटण शिजायला टाकून.
मायनसची वायर सोडवली,
वायर आणि बॅटरी यांच्या मधोमध
पिवळं मीटर बसवलं,
अबोला धरलेल्या दोन जावांमध्ये
निरोप पोचवणारी पोर बसवावी तसं.

मग स्क्रूड्रायव्हरने दाराच्या कुलपाची जीभ दाबली.
दार सताड उघडं, पण गाडीला वाटावं, मिटलं.
"आता हात लावू नको," म्हणाला, "निजू दे तिला."

पंचवीस मिनिटं आम्ही पार्किंगच्या कट्ट्यावर.
खाडीकडून हायटेन्शनच्या तारांची गुणगुण.
आकडा उतरत गेला. नऊशे. चारशे.
एकशे ऐंशीवर थांबला तो हलेना.

"पन्नासच्या आत पाहिजे.
घड्याळाला, अलार्मला तेवढं लागतंच.
एकशे ऐंशी म्हणजे कुणीतरी जागं आहे."

मग चिमट्याने एकेक फ्यूज.
रेडिओचा काढला: एकशे ऐंशी.
काचांचा: एकशे ऐंशी.
मला वाटलं, आता मला
स्वतःबद्दल काहीतरी सुचणार.
सुचलं नाही. भूक लागली होती.

सगळे फ्यूज बॉनेटच्या कडेला ओळीने,
आकडा तिथेच.
हरेश स्टिअरिंगखाली उताणा शिरला
आणि बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत राहिले.
बाहेर आली ती काडेपेटीएवढी काळी डबी,
टेप गुंडाळलेली, फ्यूजला वळसा घालून थेट जोडलेली.
लाल ठिपका लुकलुकत होता.

"फायनान्सवाल्यांचं. हप्ता थकला की गाडी सापडावी म्हणून.
सिम मेलंय आता,
म्हणून रात्रभर नेटवर्क शोधत बसतंय."

हप्ता माझा नव्हताच.
मी रोख मोजून घेतली, दोन वर्षांपूर्वी,
पेणच्या समेळांकडून.
चावी देताना म्हणाले होते,
दारात नाही हो लावायचो कधी,
लांब, मिठागराच्या बाजूला उभी करायचो,
आणि चालत यायचो घरी.
चालणं चांगलं असतं, म्हणाले होते. मी हो म्हटलं.

म्हणजे तिथूनही
ही सांगतच असणार. दर दोन मिनिटांनी.

हरेशने दोन तारा कापल्या.
एकतीस.
"घे, निजली."
पाचशे घेतले, आणि निघाला घाईघाईत,
कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते फोनवर विचारत.

डबी मी ओट्यावर ठेवली.
यांच्या पोटातही बॅटरी असते म्हणे, इवलीशी.
रात्री पाणी प्यायला उठले
तर अंधारात ठिपका चालूच होता.