हौशी

गुणवंत भोयर, जिनिंगमधला काटेवाला,
दिवसभर कापसाच्या गाड्यांची वजनं लिहायचा
आणि पाच वाजता, भुवयांवर रुई तशीच,
ऑफिसर्स क्लबाच्या मुरुमावर यायचा,
रॅकेट युरियाच्या पिशवीत.

तार तुटली की ढिवराकडून गळाची दोरी,
मग खाटा विणणाऱ्या रहेमतचाचाकडे बैठक.
"ढिली नको ठेवू चाचा, याच्यावर निजाचं नाही मले."

मी चेंडू वेचायचो. चार आणे रोज.
सकाळी चुन्याच्या रेघा मारायच्या,
दुपारी टक्कल पडलेले चेंडू उन्हात ठेवायचे,
तापले की जरा उसळतात.

नवा एसडीओ बदलून आला
की गुणवंता हरायचा.
सहा-चार, सात-पाच. सहा-शून्य कधीच नाही,
साहेबाला घाम आला पाहिजे,
उद्या पुन्हा यावंसं वाटलं पाहिजे.
डॉक्टरशी हरायचा शनिवारी,
तहसीलदाराशी त्याच्या मूडप्रमाणे.
तारेच्या कुंपणाला नाक लावून गाव बघायचं:
"भोयर आजही गेला बे."

डिसेंबरात तीन दिवस बिनपगारी रजा.
पहाटेची नागपूर गाडी, फडक्यात भाकर, मिरचीचा ठेचा.
हौशींची स्पर्धा. अकरा वर्षं गेला,
नऊ वेळा पहिला.

एकदा मलाही नेलं.
समोर गिरणीमालकाचा पोरगा, पांढरी फुलपँट,
सोबत पाण्याला वेगळा माणूस.
हे मनगट मी कधी पाहिलंच नव्हतं.
रेघेवर चेंडू पडायचा, चुना उडायचा,
आणि गुणवंता
कोणाचीच मर्जी राखत नव्हता.

बक्षीस थर्मास.
हौशी माणसाला पैसे देत नाहीत म्हणे.
येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बोलला,
"गावात सांगू नको बाप्पा.
साहेब खेळाले बलावणार नाहीत मंग."

मी नाही सांगितलं.
कोर्टावर आता तुरीची पोती,
बेसलाइनपाशी त्याच्या उजव्या पायाचा खळगा
अजून दिसतो, ठाऊक असेल तर.

परवा तेरवीला एक म्हातारे साहेब आले,
पुण्याहून, मोटारीनं.
फोटोला हार घातला, मांडवाकडे वळून म्हणाले,
"चांगला खेळायचा हो.
मला मात्र कधी हरवू शकला नाही."
माणसांनी माना हलवल्या.

वहिनी आत गेल्या,
फळीवरच्या नवांतला एक थर्मास घेऊन आल्या.
बुडाशी कोरलेलं नाव तळहाताखाली.
मी कप पुढे धरला.

सकाळचा चहा होता.
साहेब घाईत प्याले.
जीभ पोळली त्यांची.