चौथी शीर

तक्रार हॉटेलाची होती.
खळ्यावरून माश्या येतात, गिऱ्हाईक टिकत नाही.
साहेब म्हणाले, हर्णैला जा, मोजून ये,
गेल्या सालचा अहवाल आहेच, तारीख तेवढी बदल.
मक्षिकास्थाने मक्षिका.
आणि स्वतःच हसले.

मी चिकट कागद लावले.
सात वलांड्यांवर, जिथे बोंबील
जबड्यात जबडा अडकवून सुकत होते,
आणि सात हॉटेलाच्या मागच्या अंगाला.
संध्याकाळी गोमतीबाय चोगलेच्या पडवीत
भिंग मांडून बसलो, चिमट्याने पंख सोडवत.
'माश्या मारायचा पगार मिळतो तुला?'
मिळतो, म्हणालो. रोजंदारीवर.

माशी ओळखावी पंखावरून.
डोळ्यांचा लाल रंग वाळला की विटतो,
पोटाचा हिरवा झगझगाट मावळतो,
पंख मात्र राहतो,
पतंगाच्या जुन्या कागदासारखा कोरडा.
काठाची शीर जाड, सगळा वारा तिच्यावर.
दुसरी, तिसरी निमूट, जवळजवळ सरळ.
चौथीवर थांबायचं.
चौथी सांगते, कोण कुठली.

गोमतीबायने एक डोळा मिटून पाहिलं.
बराच वेळ.
'ही तर आंजर्ल्याची खाडी.
बघ ना, सरळ येते, येते,
आणि दर्या हातावर आला की
कोपरातून वळते, शेजारणीला खेटते.'

घरमाशीची ही खूण पुस्तकात दीड पान आहे.

मग तिला पंखांमागच्या गाठी दाखवल्या,
टाचणीच्या डोक्याहून बारीक, देठावर उभ्या.
कधीकाळी हे मागचे पंख होते.
मधमाशीला चार असतात, हिला दोनच,
आणि ह्या दोन गाठी.
त्या काढल्या तर माशी उडते,
पण गरगरत खाली येते.
'उलांडी,' ती म्हणाली.
तिच्या दिराची होडी, उलांडी मोडल्यावर...
पुढचं ती बोलली नाही, मी विचारलं नाही.
तिने भिंग माझ्याकडे सरकवलं.

हॉटेलाच्या कागदांवर तेवीस.
चौथी शीर पाहिली. वळलेली होती,
पण कोपर नव्हतं, नुसता हलका बाक,
आणि तोंडाखालून सुई पुढे निघालेली.
ही चावणारी. मासळी उतरवायला
पाण्यात उभ्या बैलगाड्यांशी पहाटे असते,
बैलांच्या पायांना, बायकांच्या पोटऱ्यांना.
ही बोंबलावर अंडी घालत नाही.
कुजत्या शेवाळात घालते, ओल्या गवतात.
तेविसांतल्या एकोणीस अशा.
चार कोपरवाल्या. त्या खळ्याच्या असतील,
नाही कशाला म्हणू.

हॉटेलामागे गेलो.
पुळण स्वच्छ दिसावी म्हणून रोज सकाळी
ओढून आणलेलं शेवाळ, कमरेइतका ढीग,
वर जुनी पांढरी चादर.
चादर उचलली.
ढीग श्वास घेत होता.

अहवालात सगळं लिहिलं, शिरा काढून दाखवल्या.
साहेबांनी चित्रावरून बोट फिरवलं,
उठते का पाहिल्यासारखं.
'इथे कुठे शिंकली ही?
एवढं कोण वाचणार? नुसतं माश्या लिही.'
मी दोन्ही चित्रं ठेवली, कोपराचं आणि बाकाचं,
खाली आकडे, खाली सही.
पुढच्या महिन्यात रोजंदारी कुणा दुसऱ्याला गेली.

जाण्याआधी खळ्यावर गेलो होतो.
गोमतीबाय बोंबलांची बाजू उलटत होती.
मनगटावर एक येऊन बसली.
तिने लगेच हाकलली नाही,
एक डोळा मिटला, हात उजेडाकडे वळवला.
भिंगाशिवाय काय दिसणार!
'खाडी,' म्हणाली तरीही,
आणि मग झटकली.