सुट्टे

दुर्भाटहून रासयला जाणाऱ्या फेरीबोटीत
ते नाटक मी दोनदा वाचलं.
एकदा जाताना, एकदा येताना.
पायी माणसाला तिथं तिकीट नाही,
म्हणून वेळ फुकट गेला असं म्हणायचीही सोय नाही.

एक दुकान. माल नाही.
एक गिऱ्हाईक. रोज येतं.
दुकानदार तागडी उचलतो, काहीच न घालता जोखतो.
"किती झालं?"
"काही नाही."
"सुट्टे आहेत का?"
विराम.

अडतीस पानं, एकसष्ट विराम.
सोसायटीच्या बँकेत कारकून आहे, मोजणं सुटत नाही.
सर्वोत्तमला म्हटलं, अरे, यात प्रॉम्प्टरनं करायचं काय?
विराम काय कुजबुजून सांगू?
तो म्हणाला, "तू बस तर खरा."

बावीस वर्षं बसतोय मी विंगेत.
जत्रेच्या नाटकात राजपुत्र तलवार उपसतो
आणि वाक्य विसरतो.
मी फेकतो, तो झेलतो,
मग कुठं शत्रू मरतो.
वही आणि पडदा यांच्यामधली दीड हात जागा,
तिथं माझं स्टूल.

तागडी खरी हवी म्हणून
फोंडू नाईकाच्या दुकानातून आणली.
पितळी, जुनी. डावं पारडं जरासं खाली.
"पयलीपासून तशीच," फोंडू म्हणाला,
आणि लगेच गुळाच्या ढेपेकडे वळला.

त्या रात्री मांडवात माणसं आली ती गाण्यांच्या आशेनं.
दहा मिनिटांत चण्यांच्या पुड्या सुटल्या.
"पेटी खंय रे?" मागून कुणीतरी ओरडलं.
रोहिदासनं तागडी उचलली.

वहीत लिहिलंय, रिकामी तागडी.
वहीत ती रिकामीच होती,
जाताना आणि येतानाही.
इथं पंख्याचा वारा लागला, साखळ्या किणकिणल्या,
आणि डावं पारडं
सगळ्यांच्या देखत, सावकाश, खाली गेलं.
काही नाही
काही नाहीपेक्षा जड भरलं.

हसले लोक. पोट धरधरून हसले.
"सुट्टे आहेत का?" रोहिदासनं विचारलं
आणि गिऱ्हाईक झालेला गुणाजी
थांबला.

मी वहीत पाहिलं. विराम.
किती, ते लिहिलेलं नाही.
थांबलाय की विसरलाय?
वाक्य माझ्या ओठांवर येऊन वाळत चाललं.
जनरेटरची घरघर.
तळीत एक मासा उसळला.
कुणाच्या लेकराला उचकी लागली, एक,
बराच वेळ काही नाही,
मग दुसरी.
चण्यांचा हात तोंडाशी जाता जाता राहिला.

तिसऱ्या ओळीतून फोंडू नाईक उठला.
खिशातून मूठभर नाणी काढली
आणि म्हणाला, नटाला नव्हे,
कुणाला ते त्याचं त्याला ठाऊक,
"हांगा आसात. घे."

कुणी हसलं नाही.
गुणाजी वळला. हात पुढं केला, मग मागं घेतला.
पुढचं वाक्य "उद्या येतो" असं होतं.
तो ते बोलला का, मला सांगता यायचं नाही.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
मी पान उलटायला विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी तागडी परत केली.
फोंडूनं ती घेतली, खांद्यावरच्या पंचानं पारडं पुसलं,
उजवं नाही, डावंच,
आणि खुंटीला अडकवली.
रात्रीचं मी काढलं नाही. त्यानंही नाही.

संध्याकाळी फेरीत वही पुन्हा उघडली.
चौदावं पान. तो विराम तसाच,
तीन अक्षरं, शाई थोडी फिकी.
साखळ्या नाहीत, उचकी नाही, मासा नाही.
मिटणारच होतो, तेवढ्यात
खाली कंसात बारीक अक्षरांत दिसलं:
(दुकानदार पारडं पुसतो.)

हे मंचावर झालंच नव्हतं.
रोहिदास विसरला होता
आणि मी सांगितलं नव्हतं.
एकसष्ट मोजताना हा कंस
मी दोन्ही वेळा ओलांडून गेलो होतो.

रासय आलं. फळी पडली, स्कूटरी उतरल्या.
मी बसूनच राहिलो.
दुकानदार पारडं पुसत होता, सावकाश,
आणि मला कुठंही वाक्य फेकायचं नव्हतं.