हद्द

पहिल्याच बैठकीत सल्लागार म्हणाला,
आधी हद्द आखून घ्या.
हद्दीच्या आत जे, ते आपलं. त्याचीच मोजदाद.
बाहेरचं नंतर बघू.
मी किडरमिन्स्टरच्या कारखान्याचा नकाशा पसरला
आणि लाल पेनाने रेघ ओढली:
बॉयलरघर, गालिच्यांचे माग, दोन फोर्कलिफ्ट,
कॅन्टीनचा गॅस, संचालकांची गाडी,
जी आत घ्यावी की नाही यावर चाळीस मिनिटं गेली.
नदी रेघेबाहेर राहिली,
चार फुटांनी.

आता आलेख असा उतरलाय
की पोरांनी त्यावर घसरगुंडी खेळावी.
तीन वर्षांत अडतीस टक्के.
बोर्डाने टाळ्या वाजवल्या, मला कुंडीतलं एक झाड दिलं.
ते माझ्या टेबलावर सुकतंय.

अडतीसातले एकतीस कुठून आले, मला ठाऊक आहे.
आम्ही रंगखातं बंद केलं.
सूत आता रंगूनच येतं, कंटेनरमधून.
उरलेल्या सातांतले निदान चार विल्फ गार्बेटचे.
विल्फ स्क्रूड्रायव्हरचं टोक वाफेच्या नळीला लावतो,
मूठ कानाला,
आणि डोळे मिटून सांगतो, कुठे गळतंय.
अहवालात याला 'कार्यक्षमता उपाय' म्हणतात.
मार्चमध्ये तो निवृत्त होतोय.
कानासाठी रकाना नाही.

त्याला आलेख दाखवला, जेवणाच्या सुट्टीत, पुलावर.
'माझ्या लहानपणी या स्टूरवरून वार कळायचा,' तो म्हणाला.
'सोमवारी तांबडी. बड्या हॉटेलची ऑर्डर असली
तर आठवडाभर तांबडीच.
गुरुवारी हिरवी. आई म्हणायची,
आज हिरवी, म्हणजे उद्या पगार.'
खाली पाणी नितळ. एक बगळा, एक उलटी ट्रॉली.
मग मांडीवरचा पावाचा चुरा झटकत,
अगदी सहज:
'आता तिकडच्या नदीला कुठला रंग असतो?'

तिकडची.
पुरवठादाराच्या पत्त्यातला पिनकोड
चारशे सोळाने सुरू होतो.
पहिल्यांदा दिसला तेव्हा पुढचे तीन आकडे
मी न बघताच वाचले होते.
कुणाला बोलले नाही.
इथे सगळ्यांना मी मुंबईची वाटते,
मीही खोडत नाही.

त्या संध्याकाळी प्रश्नावलीत,
छापील चाळीस प्रश्नांच्या खाली
एक्केचाळिसावा घातला:
मागच्या ओढ्याचं पाणी आज कुठल्या रंगाचं आहे?
इंग्रजीतच. नियम आहे.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं, स्कॅन, जरा तिरकं.
चाळीस वेळा 'होय', सही, शिक्का.
एक्केचाळिसावा कोरा.
पण समासात पेन्सिलीने,
साहेबाची नजर चुकवूनच बहुधा,
कुणीतरी टेकवलेलं मराठी अक्षर:
मंगळवार, जांभळा. बाकी रोज येगळा.
आजवर कुणी इचारलं न्हवतं.

आमच्याकडे हा शब्द दोनच वेळा निघतो,
बांधावरच्या भांडणात,
आणि हद्द झाली, असं म्हणताना.

रकाना फक्त आकडे घेतो.
जांभळा टाकलं की तांबडी चौकट उघडते: मूल्य अवैध.
लेखाप्रमुख फिलिपा हॅडन चष्मा वर करून म्हणतात,
हद्दीबाहेरचं आहे ना? मग?
नकाशा अजून भिंतीवर आहे.
जवळ जाऊन पाहिलं. नदीपाशी रेघ जरा जाड झालीय,
पेन तिथे क्षणभर टेकून राहिलं असणार.

शुक्रवारी अहवाल छापायला जातो.
सहाव्या तळटिपेत, मावेल तेवढ्या बारीक अक्षरात,
मी वार आणि रंग लिहून ठेवलाय.
विल्फने कान लावून ऐकावं तसं
कुणी तिथवर वाकलं, तर सापडेल.
फिलिपा आज दुपारी मुद्रितं तपासतील.