पान चौदा

चोवीस बाय चोवीसच्या चौकटीत
मी एक माणूस बसवला.
डोकं गोल, पाठ ताठ, मांडी काटकोनात,
खुर्चीला एकच पाय,
दुसरा लहान आकारात चिकटतो.
खाली अक्षरं: प्रतीक्षा कक्ष.

परळच्या इस्पितळात, अकरा नंबरच्या खोलीशेजारी,
सेलोटेपने तो कागद लावून पाहिला.
लिफ्टवाले घाडीमामा चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ बघत राहिले.
"हय खुर्चेर कोण बसता गो?"

मग मी मागे वळले.
भिंतीला टेकून, एक गुडघा उभा करून,
एक्स-रेच्या पाकिटाने वारा घेत बसलेली माणसं.
शेजारी नायलॉनची पिशवी, पिशवीत चादर, पाण्याची बाटली,
केसपेपर मात्र छातीशी.
तीन आठवडे मी काटकोन घासत होते.

रात्री भांडुपला त्याची पाठ वाकवली.
सतरा अंश. मग बावीस.
तरी तो आराम करतोयसं वाटे.
पिशवी शेजारी ठेवली
तेव्हा कुठे तो थांबलेला दिसला.

एक तक्ताही केला. एक ठिपका म्हणजे पाच मिनिटं.
नोंदणीचे नऊ, तपासणीचा एक,
औषधाच्या खिडकीपुढचे भरता भरता
ओळ पानाबाहेर गेली.
जाऊ दिली.

प्रसूती सोपी गेली, चिन्हाचं म्हणतेय.
हाड कुत्र्याच्या बिस्किटासारखं झालं, मामा खूप हसले.
उरलं एकच: मागची इमारत, डावीकडे, शवागार.
माणूस आडवा काढला तर तो वॉर्ड होतो.
चादर तोंडावर ओढली तर नुसता डोंगर.
फूल काढलं, खोडलं.

"तिकडचा रस्ता विचारतात ना लोक?"
"इचारनत नाय कोण. नुसते उभे रवतत.
मगे मी लिफ्ट बंद करून
तेंच्या वांगडा जातंय."

काचेच्या खोलीत, एसीत,
मुलाखत घेणारी बाई पानं उलटते.
चौदावर थांबते. म्हणते, पिशवी छान आहे.
मग शेवटी: "चाळीस लिहिलंयत,
इथे एकोणचाळीसच आहेत."

मी शेवटची चौकट तिच्याकडे सरकवते.
आत काही नाही. कडेला पेन्सिलने, माझ्याच अक्षरात:
लिफ्टवाल्यांना विचारा.

मामा मे महिन्यात रिटायर होतायत.